बंद दाराआडचे घर
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'मुलांचा अभ्यास आणि पालकांची जबाबदारी' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी सूचना होती. त्या विषयावर मी वर्गात रोजच बोलतो. आज आपली परवानगी घेऊन एका कादंबरीविषयी बोलणार आहे. विषय सोडून बोलतो आहे असे वाटले, तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे ही विनंती.

कादंबरीचे नाव 'बैन अल-कसरैन', म्हणजे 'दोन महालांच्या मध्ये'. हे कैरो शहरातील एका जुन्या रस्त्याचे नाव आहे. लेखक नजीब महफूझ. त्यांचा जन्म 1911 साली त्याच जुन्या कैरोतील जमालिया भागात झाला. आयुष्यातील बरीच वर्षे त्यांनी सरकारी नोकरी केली आणि नोकरी सांभाळून लेखन केले. ही कादंबरी 1956 साली प्रसिद्ध झाली. त्याच घराची पुढची कथा सांगणाऱ्या आणखी दोन कादंबऱ्या 1957 साली आल्या. 1988 साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. अरबी भाषेत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेले ते पहिलेच नोबेल. मला अरबी येते ती वाचण्यापुरती, समजण्यापुरती नाही. म्हणून मी ही कादंबरी इंग्रजी भाषांतरातून वाचली.

कथा 1917 ते 1919 या काळातली आहे. अहमद अब्दुल जवाद हे दुकानदार गृहस्थ. बाजारात पत आहे, नमाज चुकत नाही, हात सढळ आहे. घरात मात्र त्यांच्या पावलांचा आवाज आला की सारे गप्प होतात. सकाळी तिन्ही मुलगे त्यांच्याबरोबर न्याहारीला बसतात, पण मान वर करण्याची कोणाची हिंमत नाही. पत्नी अमीना जवळच उभी असते. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, तरी पतीच्या आज्ञेशिवाय तिने उंबरठा ओलांडलेला नाही. आणि हेच गृहस्थ रात्री मित्रांच्या मैफलीत बसतात. तिथे मद्य आहे, गाणाऱ्या बायका आहेत, हास्यविनोद आहे. मध्यरात्री ते परततात, तेव्हा अमीना दिवा घेऊन जिन्यावर उभी असते.

लेखकाने या माणसाला ढोंगी ठरवून मोकळे होण्याचा सोपा मार्ग घेतलेला नाही. त्यांची श्रद्धा खरी आहे, मुलांवरचे प्रेमही खरे आहे. पण प्रेम दाखवले तर वचक जाईल, अशी त्यांची समजूत आहे. एका माणसाचे असे दोन भाग झाले की घरातील प्रत्येकाला काही ना काही लपवावे लागते. या कादंबरीतील खरे दुखणे हेच आहे.

एकदा वडील कामासाठी पोर्ट सैदला जातात. मुलांच्या आग्रहावरून अमीना धाकट्या कमालला घेऊन हजरत हुसैन यांच्या मशिदीत जाते. परतताना मोटारीचा धक्का लागून तिच्या गळपट्टीचे हाड मोडते. जिन्यावरून पाय घसरला असे सांगावे, असे मुले ठरवतात. पण पतीसमोर तिच्या तोंडून खोटे निघत नाही. ती खरे सांगते. ती बरी होईपर्यंत ते थांबतात आणि मग तिला माहेरी पाठवून देतात. पुढे ती परत येते. पण या घरात खरे बोलण्याची किंमत काय असते, ते मुलांनी पाहिलेले असते.

थोरला यासीन एका रात्री गाणारणीच्या घरी जातो आणि शेजारच्या खोलीत आपलेच वडील डफ वाजवीत बसलेले पाहतो. त्याला धक्का बसतो, पण राग येत नाही. उलट, आपण वडिलांवरच गेलो आहोत, याचा आनंद होतो! घरात वर्षानुवर्षे ऐकलेली शिस्त त्याच्या अंगी लागली नाही. न सांगितलेली गोष्ट मात्र लागली.

दुसरा मुलगा फहमी कायद्याचा विद्यार्थी. 1919 साली साद झगलूल यांच्या अटकेनंतर इजिप्तमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. फहमी घरी न सांगता पत्रके वाटू लागला. वडिलांना कळले, तेव्हा त्यांनी कुराण समोर ठेवून, यापुढे हे करणार नाही, अशी शपथ घ्यायला सांगितले. जन्मात कधी 'नाही' न म्हटलेल्या मुलाने हात मागे घेतला. पुढे झगलूल यांच्या सुटकेच्या आनंदात निघालेल्या शांततेच्या मिरवणुकीत त्याला गोळी लागली. ती बातमी घेऊन अनोळखी तरुण वडिलांच्या दुकानात येतात. आपला मुलगा काय करीत होता, हे त्याच्या सोबत्यांना बापापेक्षा अधिक ठाऊक होते. आता ही गोष्ट अमीनाला कशी सांगायची, या विचाराने ते घराकडे निघतात. साऱ्या घराला धाक घालणाऱ्या माणसाजवळ त्या वेळी शब्द नाहीत.

बंधू-भगिनींनो, मी ही कथा का सांगितली? गेल्या सहामाहीनंतर माझ्या वर्गातील एका मुलाने प्रगतिपुस्तकावर अब्बांची सही स्वतःच केली. मी ओळखली. मी त्याला उभे केले, तेव्हा तो म्हणाला, "सर, अब्बांना सांगू नका." मला राग आला होता. मी विचारले, "मग मला तरी आधी का सांगितले नाहीस?" तो खाली पाहत म्हणाला, "तुमचीपण भीती वाटते, सर."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दहा वर्षे मी वर्गातील शांततेचा अभिमान बाळगला होता. ती शांतता अमीनाच्या घरातील शांततेसारखी तर नव्हती? मी त्याच्या वडिलांना भेटलो, पण आधी त्या मुलाला विचारून आणि त्याला बरोबर घेऊन. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गणितात मीही नापासच व्हायचो." मुलाने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.

शिस्त नको, असे मी म्हणत नाही. वडीलधाऱ्यांचा मान राखलाच पाहिजे. पण मान वेगळा आणि धास्ती वेगळी. धास्तीने मूल सुधारत नाही, लपवायला शिकते. आज घरी गेल्यावर मुलाला गुण विचारण्याआधी एवढेच विचारा : "माझ्यापासून काही लपवावे लागते का रे तुला?" उत्तर लगेच मिळणार नाही. आणि मिळाले, तर ते ऐकताना आवाज चढू देऊ नका. मीही आता तेवढेच शिकतो आहे.