बोंडअळी मोजतो, तशी दारूही मोजू
(पुण्यातील बैठकीत केलेले भाषण)



कपाशीत बोंडअळी दिसली की आपण लगेच पंप उचलत नाही. आधी झाडं मोजतो, नुकसानीची पातळी ओलांडली का ते पाहतो. दारूचंही तसंच मोजमाप आहे. 1984 साली जॉन यूइंग या अमेरिकी डॉक्टरांनी चार प्रश्न प्रसिद्ध केले. दारू कमी करावी असं कधी वाटलं? कोणी बोललं म्हणून चीड आली? पिण्याबद्दल मनाला खाल्लं? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागली? दोन उत्तरं 'हो' आली, तर डॉक्टर गाठावा. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रश्न दहा; 40 पैकी 8 गुण झाले की धोका.

हे प्रश्न ज्याचे त्याने स्वतःला विचारायचे. सावकाराने नाही, बँकेने तर नाहीच. आत्महत्येनंतर 'दारुडा होता' एवढा शेरा मारला की कर्जाचा आणि भावाचा प्रश्न गुंडाळता येतो. ते आम्ही होऊ देणार नाही. पण म्हणून घरातली बाटलीही झाकणार नाही.

याच पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' उभं केलं. तिथे व्यसनाला आजार मानतात, पाप नव्हे.

एक लक्षात ठेवा: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडू नये. झटके येतात, जीवही जातो. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी.

पुढच्या बैठकीआधी हे चार प्रश्न प्रत्येकाने एकट्याने, खरेपणाने सोडवावेत. आम्हीही सोडवले आहेत.