सायकलची वाट : जळगाव ते धुळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, पुढची नऊ किलोमीटरवर. सायकल घरात एकच, ती भावाला मिळाली. त्याचे शिक्षण पुढे गेले, माझे थांबले. भावावर माझा राग नाही. परंतु नऊ किलोमीटर म्हणजे किती, हे मी तेव्हापासून विसरले नाही. हल्ली सकाळी मेहरूण तलावाला तीन फेऱ्या मारताना तेवढे अंतर बोलता बोलता होते, आणि मला हसू येते.

तर आम्ही पाच जणींनी ठरवले आहे की सायकलीने जळगावहून धुळ्याला जायचे. घरोघरी पहिला प्रश्न हाच झाला, की तासागणिक एस.टी. असताना हा उपद्व्याप कशाला? आमचे उत्तर असे, की धुळ्याला पोचण्याची घाई आम्हाला नाहीच. आम्हाला वाट पाहायची आहे.

पाळधी, एरंडोल, पारोळा असा महामार्ग सरळ आहे. नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांत काम होते. पण त्या रस्त्यावर ट्रकचा वारा अंगावर आला की सायकल हातभर बाजूला सरकते. तिथे देखावा कसला पाहणार? जीव मुठीत धरून मागचा भोंगा ऐकायचा. म्हणून मी फोनमधला नकाशा उघडला आणि महिनाभर दुपारी भांडी आवरली की तेच काम केले.

जळगावहून शिरसोली, म्हसावद असे निघायचे. हा रस्ता आगगाडीच्या सोबतीने जातो. म्हसावदनंतर गिरणा ओलांडून पद्मालयाची टेकडी. तिथला गणपती तुम्हाला ठाऊकच आहे. एकाच गाभाऱ्यात उजव्या सोंडेचा आणि डाव्या सोंडेचा अशा दोन मूर्ती, आणि समोर कमळांचे तळे. तिथून उतरून एरंडोलला पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी फरकांडे पाहून कासोदा, भडगाव आणि पुन्हा गिरणा ओलांडून चाळीसगाव. तिसरा दिवस पाटणादेवीचा. चौथ्या दिवशी मेहुणबाऱ्याला तिसऱ्यांदा गिरणा ओलांडून धुळे. सरळ रस्त्यापेक्षा ही वाट दुपटीहून लांब पडते. माझ्या यजमानांनी हिशेब करून कपाळाला हात लावला!

चढाचा हिशेब मात्र मला नव्याने शिकावा लागला. शंभर मीटर पुढे जाताना रस्ता पाच मीटर वर गेला, तर त्याला पाच टक्के चढ म्हणतात. ऐकायला थोडे वाटते, पण बिनगिअरच्या सायकलीवर मांड्या भरून येतात. सपाटीला आम्ही तासाला बारा-तेरा किलोमीटर जातो, चढाला सहासुद्धा होत नाहीत. म्हणून टप्पे नुसत्या अंतरावर न पाडता चढ पाहून पाडले. आणि चढाला उतरून सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा नाही, हे आम्ही आपसांत आधीच कबूल करून घेतले आहे. चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट आहे, त्याची हौस दोघींना होती. पण वळणावळणाला गाड्यांची गर्दी, तेव्हा तो मी कापून टाकला. डोंगर पाहायला डोंगर चढलाच पाहिजे असे नाही. पाटण्याला तो आपणहून समोर उभा राहतो.

पाटणादेवी चाळीसगावहून सुमारे अठरा किलोमीटर. चंडिकेचे देऊळ आणि भोवती गौताळ्याचे अभयारण्य. पावसाळ्यात केदारकुंडाचा धबधबा पाहण्यासारखा असतो, हे मलाही कळते. पण पावसाळ्यात आडरस्त्याला आपली काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल आपल्याला नेत नाही, आपणच तिला वाहून नेतो. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा तो विचारही नको. म्हणून मार्गशीर्ष. धबधब्याला मुकू, पण हरभरा, गहू हिरवे असतील आणि सकाळी हवा गार. त्या रानात बिबट्या आहे, तेव्हा दिवस मावळायच्या आत चाळीसगावला परत.

पाटण्याचे आणखी एक कारण आहे. तिथल्या इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचे लिहिले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या गणिताच्या ग्रंथाचे नाव ‘लीलावती’, बाईचे नाव. माझ्यासारखीचे गणित सातवीला सुटले, पण एवढे ऐकून त्या जागी एकदा स्वतःच्या पायांनी जावेसे वाटले.

नकाशाला चढ कळतो. पाणपोई कुठे, बायांनी आडोशाला जावे अशी जागा कुठे, हे त्याला कळत नाही. ते आम्ही माणसांना विचारून लिहिले. माझ्या सासूबाई सुना-लेकींबरोबर चतुर्थीला पायी पद्मालयाला जात. कोणत्या वळणाला चिंच आहे हे त्या अजून सांगतात. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. मला वाटले, त्या नको म्हणतील. त्या एवढेच म्हणाल्या, “ऊन चढाना पहिले पोची जा, माय.” त्या एका वाक्याने घरातला निम्मा वाद मिटला. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही रोज पहाटे निघून अकराच्या आत टप्पा संपवणार आहोत.

आपल्याकडे खरा शत्रू बाभळीचा काटा. प्रत्येकीने दोन ट्यूब, सोल्युशन, पंप जवळ ठेवायचा, आणि पंक्चर स्वतः काढता आले पाहिजे. मी दोन आठवड्यांत शिकले. नखे काळी होतात एवढेच. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. केळी तर आपल्या जिल्ह्यात मागाल तिथे मिळतात. पदर किंवा ओढणी चेनमध्ये जाते, तेव्हा घट्ट खोचावी किंवा पंजाबी ड्रेस घालावा. यावरही एका घरी कुरकुर झाली, ती माझ्यापाशीच राहू द्या.

कोणी म्हणेल, चाळिशीनंतर हे काय वेड? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सायकलीवर सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. आमची चार दिवसांची वाट तिच्या एका दिवसाच्या जेवणाइतकीही नसेल. पण तिच्या मागे आईबाप उभे होते, आणि आमच्या मागे कोण उभे राहते ते आम्हाला पाहायचे आहे.

शेवटचा टप्पा अजून पक्का नाही. चाळीसगाव-धुळे रस्ताही आता वर्दळीचा महामार्ग आहे. सूर्य उगवल्यावर, वाहने वाढायच्या आत निघावे असे माझे मत. दुसरीचे मत की तेवढे अंतर आगगाडीने जावे. ती लोहमार्गाची शाखा १९०० सालची आहे, आणि आडगावची स्थानके पाहण्यासारखी आहेत हे खरे. त्याचा निकाल पुढच्या शनिवारी मंडळात बसून करू. सहावी, सातवी सायकल येत असेल तर तिने त्याच दिवशी नाव द्यावे, आणि ब्रेकची रबरे तेवढी आधी बदलून आणावीत.