पडक्या चॅपेलचें घर



मुंबईस परळ येथें पाद्र्यांचें एक चॅपेल होतें. अठराव्या शतकांत तें इंग्रजांनीं घेतलें. १७७१ सालीं गव्हर्नर हॉर्नबी तेथें राहूं लागले. जेथें मिस्सा होत असे तेथें खाली भोजनगृह, वर नाचघर झालें. १८९९ सालीं डॉक्टर हाफकिन ह्यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा तेथेंच आली.

उपासनेस निरुपयोगी व दुरुस्तीपलीकडे गेलेलें मंदिर बिशपांना लौकिक कामास देतां येतें, मात्र तें काम हीन नसावें, असें धर्मसभेच्या कायद्याचें कलम १२२२ सांगतें. कुटुंबाचा निवारा हीन नव्हे. बेथानीस प्रभु घरींच उतरत असे.

परळचें चॅपेल सत्तेनें नेलें. आपलें आपल्या आळसानें जाईल. वेळेवर कवेलू न फेरलेलें घर गळतें. रविवार चुकविणारी मंडळीहि तशीच.