पेशींतील पाणचक्की

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यांत, ब्राह्मणपुरीच्या शिवारांत, ऊस तोडणारा मजूर सकाळीं ज्वारीची भाकरी खातो आणि मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे चालूं लागतो. भाकरीची शक्ति त्याच्या अंगांत उतरली, असें सहज म्हटलें जातें. परंतु ती सरळ उतरत नाहीं. पेवांतील धान्य विकून आधीं रोख पैसा करावा व मग खर्चावा, तसाच शरीराचा व्यवहार आहे.

शरीराचें पेव म्हणजे यकृत व स्नायू यांतील ग्लायकोजन आणि सांठलेली चरबी. रोख पैसा म्हणजे अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपानें एटीपी. याच्या रेणूंत फॉस्फेटाचे तीन गट एकापुढें एक जोडलेले असतात. पाण्याशीं क्रिया होऊन शेवटचा गट सुटला, कीं शक्ति मोकळी होते व तिच्या बळावर स्नायू आकुंचन पावतो. सुटलेला गट पुन्हां जोडला, कीं नाणें नवें होतें. १९२९ सालीं जर्मनींत कार्ल लोहमान यांनीं, आणि अमेरिकेंत हार्वर्ड येथें सायरस फिस्के व भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं, हा पदार्थ स्वतंत्रपणें शोधून काढला.

या नाण्याची मुख्य टांकसाळ पेशींतील तंतुकणिकांत आहे. तेथें अन्नाचें ज्वलन पायरीपायरीनें होतें. त्या शक्तीनें हायड्रोजनचे विद्युद्भारित कण एका पातळ पडद्यापलीकडे लोटले जातात. बंधाऱ्यामागें पाणी सांचावें तसे ते सांचतात आणि परततांना एक सूक्ष्म चाक फिरवितात. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाण्याच्या प्रवाहावर पीठ दळीत असे. हें चाक त्याच न्यायानें एटीपी घडवितें. पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं ही प्रवाहाची उपपत्ति मांडली. तिच्याबद्दल त्यांना १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

नवल असें, कीं रोख शिल्लक अगदीं थोडी असते. जोराच्या श्रमांत स्नायूंतील एटीपी दोनचार सेकंदच पुरेल. मात्र तोच रेणू दिवसांत शेकडों वेळां मोडतो व घडतो. या उलाढालीचें वजन सुमारें माणसाच्या वजनाएवढें भरतें.

प्राणवायूवांचून हें चाक थांबतें आणि कांहीं मिनिटांतच मेंदूस इजा पोहोंचते. म्हणून तापींतून बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल, तर पोट दाबून पाणी काढण्यांत वेळ दवडूं नये. तोंडानें श्वास देणें व छाती दाबणें तत्काळ सुरू करावें. त्याचें पेव भरलेलेंच असतें. संपत आलेली असते ती रोकड.