शाकारणीचे शंभर रुपये
(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथील व्याख्यानाचा मजकूर)



मृगापूर्वी झोपडी शाकारावयास बांबू आणि गवत लागते, हे बपेऱ्यात कोणास सांगावयास नको. १९७७ च्या उन्हाळ्यात दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींतील कंत्राटी मजुरांनी याच कामासाठी दरडोई शंभर रुपये मागितले. दुसरी मागणी अशी की, मजूर हजर असूनही काम दिले गेले नाही, तर त्या दिवसाची काही मजुरी मिळावी. करार झाला, परंतु कंत्राटदारांनी पैसे देण्याचे नाकारले आणि संप पुन्हा सुरू झाला.

२ जूनच्या रात्री पोलिसांनी शंकर गुहा नियोगी यांना युनियनच्या झोपडीतून उचलून नेले. मागे राहिलेल्या पोलिसांना मजुरांनी अडवून ठेवले. तेव्हा गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाला. अकरा माणसे मेली; त्यांत एक स्त्री होती आणि एक अल्पवयीन मुलगा होता.

आता या हिशेबाची उकल केली पाहिजे. खनिज जात होते भिलाईच्या सरकारी पोलाद कारखान्यात. ते फोडणारे व मालमोटारींत भरणारे स्त्रीपुरुष मात्र कारखान्याच्या पटावर नव्हते. कारखाना म्हणे, हे ठेकेदाराचे मजूर. ठेकेदार म्हणे, दर कारखान्याने ठरविलेला. ज्याला मालकच नाही, त्याने बोलणी कोणाशी करावी? अशा वेळी मजुरीचा प्रश्न आपोआप 'कायदा व सुव्यवस्थे'चा प्रश्न होतो आणि तो पोलिसांच्या हवाली केला जातो.

चिलीत हेच निराळ्या तऱ्हेने घडले. १९०७ च्या डिसेंबरात सोऱ्याच्या खाणींतील कामगार वाळवंट तुडवीत इकीके बंदरात उतरले. कंपनीच्या दुकानात वजन खरे होते की नाही हे पाहण्यासाठी बाहेर तराजू ठेवावा, अशीही त्यांची एक मागणी होती. मालक म्हणाले, आधी कामावर जा, मग बोलू. २१ डिसेंबरला सांता मारिया शाळेत आश्रय घेतलेल्या त्या जमावावर लष्कराने मशीनगनी चालविल्या.

खाणी सरकारी झाल्या म्हणजे हे टळते, हा आपल्यातील अनेकांचा भाबडा समज. बोलिव्हियात कथिलाच्या मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १९५२ मध्येच झाले होते. तरीही २४ जून १९६७ च्या पहाटे, सेंट जॉनच्या सणाची रात्र सरते न सरते तोच, सैन्याने खाणकामगारांच्या वस्तीवर गोळ्या झाडल्या.

राजहऱ्याच्या बाबतीत तर आणखी एक कडू गोष्ट आहे. जून १९७७ च्या आरंभी मध्य प्रदेशात राष्ट्रपती राजवट होती, आणि दिल्लीत जनता पक्षाचे सरकार. त्या मंत्रिमंडळात समाजवादी होते. आणीबाणीच्या दडपशाहीविरुद्ध मते मागून तीन महिनेही झाले नव्हते! हे उच्चारणे जड जाते, म्हणूनच ते आधी उच्चारले पाहिजे. दहा महिन्यांनी, ५ एप्रिल १९७८ ला, बैलाडिल्यातही यंत्रांमुळे काम गमावणाऱ्या कंत्राटी मजुरांवर गोळीबार झाला.

याच तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मालकी आधी ब्रिटिश कंपनीची, पुढे सरकारची. तेथील मजुराचे नाव कोणाच्या पटावर आहे, हा प्रश्न म्हणूनच परक्या मुलखातला नाही.

गोळीबारानंतरही राजहऱ्याचे मजूर हटले नाहीत; मागण्या अखेर मान्य कराव्या लागल्या. तेच शंभर रुपये. पुढे मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून दवाखाना उभारला. ३ जून १९८३ ला तो सुरू झाला, आणि त्याचे नाव ठेवले शहीद हॉस्पिटल.