राजाचा डबा आणि आपला डबा

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमातील भाषण)



आम्ही बँकेतील कारकून. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे मांडायचे हे आमचे काम. भाषण करणे हा आमचा प्रांत नव्हे. परंतु दिल्लीच्या प्रवासात जे पाहिले ते विद्यार्थ्यांना सांगा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला, म्हणून उभे आहोत.

दिल्लीत चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. ते १९७७ साली सुरू झाले. तेथे जुनी इंजिने पुष्कळ आहेत. पण आमची पावले थबकली ती राजेरजवाड्यांच्या डब्यांपाशी. इंग्लंडच्या युवराजांसाठी १८७५ साली बांधलेला डबा, बडोद्याच्या गायकवाड महाराजांचा १८८६ चा डबा, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा डबा. एका माणसाच्या प्रवासासाठी अख्खा डबा! निजायला पलंग, बसायला दिवाणखाना, सागवानी नक्षीकाम. सारे कसे जपून ठेवलेले!

आमच्या मनात प्रश्न आला, आपल्या आजोबांचा डबा कुठे आहे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. आपल्या जिल्ह्यात कापसासाठी जलंब-खामगाव फाटा १८७० साली सुरू झाला. गरिबांच्या वाट्याला आला तो तिसरा वर्ग. लाकडी बाक, आणि डब्यात शौचालयसुद्धा नाही. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या प्रवाशाने रेल्वेला तक्रारीचे पत्र लिहिले. ते शौचाला उतरले आणि गाडी त्यांना सोडून निघून गेली! ते पत्र वाचून लोक आजही हसतात. आम्हाला मात्र हसू आले नाही.

१९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला. पुढे १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसविण्यास सुरुवात केली. सामान्य माणसाच्या पाठीला मऊ अंथरूण मिळायला सव्वाशे वर्षे लागली.

मित्रहो, राजाचा डबा टिकला, कारण तो क्वचितच वापरला गेला. आपला डबा लाखोंनी झिजवला आणि तो भंगारात गेला. इतिहासाचेही तसेच होते. जपले तेवढेच उरते.

बडोद्याच्या डब्यापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. ज्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, त्यांच्याच बडोद्यात ते १९१७ साली नोकरीसाठी आले. पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे तास एवढ्या मोठ्या विद्वानाने कामाठी बागेत बसून काढले. राजाचा डबा संग्रहालयात आहे. बाबासाहेबांची ती संध्याकाळ कुठल्याही संग्रहालयात मावणार नाही. ती त्यांनी स्वतः लिहून ठेवली, म्हणूनच आपल्याला कळली.

रेल्वेने एक गोष्ट मात्र केली. तिकिटावर वर्ग छापलेला असे, जात नसे. एकाच बाकावर सर्वांना टेकावे लागले. आजही ६ डिसेंबरला मलकापूर, नांदुरा, शेगाव येथून दादरला निघताना आपण दाराशी लोंबकळत, भाकरीची फडकी सांभाळत जातो, तोही इतिहासच आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना एकच विनंती. ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षेसाठी नागपूरला गेलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कोणत्या स्टेशनवरून निघालात, डब्यात जागा मिळाली का, शिदोरीत काय होते, सोबत कोण होते, हे त्यांना विचारा आणि वहीत उतरवून घ्या. ती माणसे गेलेल्या घरांत त्यांच्या मुलांना विचारा. जुनी पेटी, जुने तिकीट, एखादा फोटो सापडला तर रद्दीत देऊ नका.

आपला डबा भंगारात गेला, त्याला इलाज नाही. त्यातील प्रवासी तरी विसरले जाऊ नयेत. उशीर झाला तर ही गाडी पुन्हा फलाटावर लागणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!