आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींना आवर



आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झाले. रेडिओची एक शिस्त होती. ऐकणाऱ्याने कळ फिरविल्याखेरीज तो बोलत नसे. आज ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या संगणकावर एखाद्या बातमीचे पान उघडावे, तर त्यातील चित्रफीत कोणी न सांगताच सुरू होते. ही केवळ कटकट नव्हे. तीत सार्वजनिक पैसा आणि वेळ खर्ची पडतो.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने येणारी चित्रफीत एका मिनिटात साडेसात मेगाबाइट डेटा घेते. मंडणगडपासून राजापूरपर्यंत ९ तालुक्यांच्या या जिल्ह्यात डोंगरकुशीतील वाड्यांना इंटरनेटची जोडणी जेमतेमच मिळते. तेथे दाखल्याचा अर्ज भरला जात असताना नको असलेली जाहिरात ती जोडणी अडवून बसते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण वेढले. अशा प्रसंगी बॅटरी व डेटा हवामानाचा इशारा आणि मदतीचा निरोप यांसाठीच राखून ठेवावा लागतो.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. २६ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात दोन पत्रकारांची हत्या झाली. त्या हत्येची चित्रफीत समाजमाध्यमांवर आपोआप सुरू झाल्याने अनेकांना ती इच्छेविरुद्ध पाहावी लागली. वर्गातील पडद्यावर काय दिसावे, हे शिक्षकानेच ठरविले पाहिजे.

यावर उपाय आहे. क्रोम ब्राउझरने एप्रिल २०१८ पासून आणि फायरफॉक्सने मार्च २०१९ पासून, आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींना बऱ्याच अंशी आळा घातला. परंतु येथेच गैरसमज होतो. आवाज बंद झाला म्हणजे चित्रफीत बंद झाली, असे नव्हे. मुकी चित्रफीत चालूच राहते आणि डेटाही संपतच राहतो. म्हणून फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये, खासगीपणा व सुरक्षितता या विभागातील परवानग्यांत 'ऑटोप्ले' शोधून ध्वनी आणि चित्र दोन्ही रोखण्याचा पर्याय निवडावा. एज ब्राउझरमध्येही संकेतस्थळांच्या परवानग्यांत अशी सोय आहे. सफारीत प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा निर्णय घेता येतो. फेसबुक व यूट्यूब यांच्या स्वतःच्या सेटिंग्ज असतात. त्या स्वतंत्रपणे बदलाव्या लागतात.

या कामास निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही. लागतात ती पाच-दहा मिनिटे. ग्रामपंचायतीतील संगणकचालकाने कार्यालयातील आणि शिक्षकाने शाळेतील प्रत्येक संगणक एकदा तपासावा. हीच गोष्ट गावातील तरुणांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर करून द्यावी. चित्रफितींचा उपयोग शेतीला, शिक्षणाला आणि आरोग्याला आहेच. त्या जरूर पाहाव्यात. मात्र कळ पाहणाऱ्याच्याच हाती असावी.